तळ्याकडून टाळ्या

प्रणवची नोकरी गेली, व्हिसा धोक्यात आला आणि अखेर नवी नोकरी मिळाली, तेव्हा तो आणि त्याची बायको स्वराली लंडनमधल्या हॅरोहून थेट स्कॉटलंडच्या डोंगरात आले. तिथलं रिसॉर्ट गोठलेल्या तळ्याच्या काठावर होतं आणि आत छोटासा कॅसिनो होता.

दुपारी प्रणव रूलेटच्या टेबलाशी बसला. चाकात गोळी अजून फिरत होती, तेवढ्यात स्वरालीला तळ्याकडून टाळ्या ऐकू आल्या. मग गोळी थांबली आणि प्रणव जिंकला.

पुढच्या डावातही तसंच झालं. आधी टाळ्या, मग जिंकणं. स्वरालीने खिडकीतून पाहिलं. पांढऱ्या तळ्यावर चिटपाखरूही नव्हतं.

“प्रणव, ह्या टाळ्या कोण वाजवतंय?”

“कोणी का वाजवेना! वर्षभर सगळ्यांनी नाही म्हटलं, आज कोणीतरी शाबास म्हणतंय,” तो हसला. त्याचा इतका मोकळा चेहरा तिने कितीतरी दिवसांनी पाहिला होता. तीही हसली.

तो एकही डाव हरला नाही. शेवटी उठला आणि तिला ओढतच बाहेर काठावर घेऊन आला. “मस्त फोटो काढ माझा,” म्हणत त्याने बर्फावर पाय ठेवला.

टाळ्या सुरू झाल्या. आता त्या बर्फाखालून येत होत्या, एवढ्या मोठ्या की स्वरालीच्या हातातला फोन थरथरू लागला.

“प्रणव, मागे ये! आता तर आपण खेळतही नाहीये, मग जिंकतंय कोण?”

त्याला तिचा आवाज ऐकूच गेला नाही. दोन्ही हात उंच करून, हसत हसत, तो तळ्याच्या मध्याकडे चालत निघाला होता.