दरमहा दोन पेले

सकाळी साडेनऊला उमाकांतरावांनी लाल वाईनचे दोन पेले मोरीत ओतले, वर तांब्याभर पाणी टाकलं आणि काफीचं आधण ठेवलं. इन्स्पेक्टर गुरुमूर्ती दहाला यायचे होते.

उमाकांतरावांनी उभ्या जन्मात दारू चाखली नव्हती. पण मद्रासेत दारूबंदी होती, आणि तिरुवल्लिकेणीच्या त्या गल्लीत पिण्याचा परवाना होता तो एकट्या त्यांच्याकडे.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे जुने साहेब, मोरेल, फ्रान्सला परत गेले आणि त्यांनी आपल्या घरच्या मळ्यातली वाईनची पेटी पाठवली. ती परत धाडणं जिवावर आलं, म्हणून उमाकांतरावांनी डॉक्टरचा दाखला जोडून परवाना काढला. मग बाटल्या तपासायला गुरुमूर्ती आले. निघाला उमाकांतरावांसारखाच तंजावरचा मराठी माणूस! तासभर मराठीत बोलत बसला. बायको गेल्यापासून त्या घरात कुणी मराठी बोललं नव्हतं.

वाईन संपत नाही असं दिसलं तर परवाना रद्द होईल आणि तपासणीही. म्हणून दरमहा दोन पेले मोरीत.

बदनामी मात्र फुकट पदरात पडली. भटजी यायचे थांबले. शेजारच्या सीतालक्ष्मीबाई त्यांना बघून दार लावून घेत. दिल्लीहून मुलाचं पत्र आलं, ‘या वयात हे काय?’ उमाकांतरावांनी उत्तर लिहिलं नाही. घरात माणूस यावं म्हणून दारुडा झालो, हे कसं लिहायचं?

गुरुमूर्ती दहाला आले. पूर्वी जीपने येत, हल्ली बसने. खाकी गणवेश जाऊन वेष्टी, म्हणजे मद्रासी धोतर, आली होती. त्यांनी बाटली उजेडात धरली, पट्टी लावून मोजली आणि परवान्याच्या वहीत सही केली. सरकारी रजिस्टर हल्ली आणत नसत. ओझं कशाला, म्हणत.

"ह्याच्यावर काय लिहिलंय म्हणालांत?" त्यांनी लेबलावर बोट ठेवलं. दर वेळी विचारत.

"मोरेल घराणं. सतराशे बेचाळीसपासून मळा एकाच घरात. आता सातवी पिढी."

"सात पिढ्या एका घरांत!" गुरुमूर्ती हसले. "आमच्या घरांत मी आणि घड्याळ."

उमाकांतरावांनी काफीचा पितळी पेला पुढे केला. आठवडाभर मनात घोळत होतं ते शेवटी बोलून टाकलं.

"परवाना ह्या महिन्यांत संपतो. नवा नाही मिळाला तर तुम्ही यायचे नाही."

"अर्ज माझ्याकडं द्या. ऑफिसांत जाऊं नका."

"मी सोमवारींच पोस्टांत टाकला."

गुरुमूर्तींचा हात थांबला. "ऐयो! कां टाकला? मी नव्हतों कां?"

उमाकांतराव घाबरले. मोरीतला वास यांना आला की काय? सगळं कबूल करून टाकावं, हात जोडावेत, म्हणावं रद्द करा पण येत जा. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं.

खाकीतला एक अनोळखी माणूस रजिस्टर घेऊन उभा होता. "परवान्याच्या अर्जाची चौकशी," तो तमिळमध्ये म्हणाला. मग त्याची नजर आत गेली आणि त्याने एकदम सलाम ठोकला.

"सर, तुम्ही इथं? तुम्ही रिटायर झाल्याला दीड वर्ष झालं, तेव्हापासून या गल्लीत तपासणीला कुणी आलेलंच नाही!"