बंद दाराआडचे चार तास

"उजवीकडे बघ," फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या. मुलीने बघितलं.

"आता डावीकडे."

"आई गं," मुलगी कळवळली, पण जरा उशिरा.

तो उशीर बाईंनी मनात टिपून ठेवला.

"वायलिन," मुलीऐवजी आईनेच सांगितलं. "रोज चार तास, दार बंद करून. हे आत बसतात लक्ष ठेवायला, मी बाहेर घड्याळ घेऊन. एका दिवसाचा खाडा नाही. आणि रविवारी वाद्यवृंदाची निवड, तर आत्ताच हिची मान धरली. यांची हौस राहून गेली, हिची मी राहू देणार नाही."

'हे' कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. कॉलरचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, मान डावीकडे कललेली. बायकोचं ऐकून घेता घेता तशी झाली असावी, असं कुणालाही वाटलं असतं. बायकोने मात्र बऱ्याच वर्षांत तिकडे नीट पाहिलं नसावं.

बाईंनी मुलीचे खांदे तपासले. दोन्ही एका रेषेत. वायलिनवाल्यांच्या जबड्याखाली डावीकडे घासून घासून डाग पडतो. इथे कातडी नितळ. डाव्या हाताची बोटं दाबून पाहिली. घट्टा एक नाही, नव्या खोडरबरासारखी मऊ.

"चार तास?" बाईंनी हळूच विचारलं.

मुलगी खिडकीच्या गजांकडे बघत राहिली. "रविवारी एकटीलाच आत घेणार आहेत," ती पुटपुटली. "बाबांना बाहेर थांबवणार."

बाईंनी कागद पुढे ओढला. "सहा आठवडे वायलिन बंद."

"अहो, पण रविवार?" आईचं तोंड एवढंसं झालं.

"रविवार पुन्हा येईल. मान एकच आहे."

मुलीने इतका लांब श्वास सोडला की कागद हलला. हादरले ते वडील.

"अजिबातच नाही?" आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. "रोज अर्धा तास तरी?"

"बघा," आई उठत म्हणाली, "माझ्यापेक्षा यांनाच घाई." आणि मुलीला पुढे घालून ती बाहेर पडली.

कागद घ्यायला वडिलांनी डावा हात पुढे केला. चारही बोटांच्या टोकांना घट्टे. ते वाकले तशी कॉलर सरकली. जबड्याखाली, डावीकडे, तपकिरी डाग.

बाईंनी दार लोटून घेतलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमची मान कधीपासून दुखते?"