फळ्यावरची वेबसाइट

२००२ साली शाळेत कॉम्प्युटर नव्हता. तातेराव गुरुजी दर रविवारी जाफराबादहून एसटीनं जालन्याला जात, सायबर कॅफेत तासभर नवनव्या वेबसाइट शोधून वहीत उतरवत आणि सोमवारी सातवीच्या फळ्यावर काढत. वर पत्ता, मधे चित्रं, खाली निळ्या खडूनं लिंक. पोरं सांगतील तिथं बोट टेकवत, फळा पुसून आतलं पान काढत. एकदा समुद्राची वेबसाइट होती. "गुरुजी, देवमाशाचा आवाज दाबा," संध्या म्हणाली. ती लिंक उघडण्याआधीच कॅफेतला तास संपला होता. गुरुजींना थाप मारवेना. त्यांनी कोपऱ्यात लिहिलं, 'पान उघडत आहे.' आठवडाभर पोरांनी ते कोणाला पुसू दिलं नाही. पुढच्या रविवारी गुरुजी ऐकून आले. सोमवारी त्यांनी डोळे मिटून पोटातून लांबलचक हुंकार घुमवला. मग संध्या म्हणाली, "अजूक एकदा दाबा, गुरुजी."