नवरीचा डोळा

"हा डोळा कुणाचा?" डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

"मावशींचाच," फोटोवाले काका म्हणाले. मावशी समोरच बसल्या होत्या. शिवणाचं दुकान तसंच टाकून आलेल्या, गळ्यात मापाची टेप.

"मावशी एकसष्टच्या. पंधरा वर्षं शुगर. आणि हा डोळा तर नवरीचा आहे, काका!"

काका लाजले. त्यांना ते कौतुकच वाटलं. तीस वर्षं लग्नाचे फोटो साफ करण्यात गेली होती, दवाखान्यात येऊन जेमतेम तीन आठवडे. काम सोपं होतं. स्कॅन चालू असताना पेशंटचा डोळा हलला, की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या फोटोत पांढऱ्या रेघा येतात. त्या काढायच्या.

"रेघा गेल्या ना सगळ्या?"

"रेघा गेल्या. छान गेल्या. अजून काय काढलंत?"

"काही नाही हो. जरा पुटकुळ्या होत्या."

"पुटकुळ्या?"

"अगदी बारीक. ठिपक्याएवढ्या. म्हटलं, राहू कशाला द्यायच्या..."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, मी त्याच शोधतेय! शुगरने नस फुगते ना, तो ठिपका. ती फुटत गेली की नजर गेली."

मावशींनी टेप मुठीत धरली. "गेली म्हणजे? आणि माझी सुई कोण ओवणार?"

"मूळ फोटो आहे, की तोही उडवलात?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला.

आता काकाही चिडले. "मूळ फोटो उडवतं का कुणी? तीळ काढला की नवरीची आई हमखास परत येते. आमचा तीळ द्या म्हणते."

दोन क्लिक. ठिपके परत आले. डॉक्टरबाईंनी पेनाच्या टोकाने मोजले. अकरा.

"फुटलेला एकही नाही. वेळेत आलात, मावशी. उद्यापासून इलाज सुरू."

मावशींची मूठ सुटली. त्या खुर्ची ओढून पुढे झाल्या. स्क्रीनवर मूळ आणि साफ केलेला, दोन्ही डोळे शेजारी-शेजारी होते. गिऱ्हाइकाने आणलेलं कापड बघावं तसं त्यांनी ते निरखून बघितलं.

"इलाज ह्या डोळ्याचा करा," ठिपक्यांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. मग बोट हळूच दुसऱ्यावर सरकलं. "पण घरी न्यायला मला हा द्या."

डॉक्टरबाई काही बोलणार, तोवर काकांनी प्रिंटर चालू केला होता.

"ग्लॉसी की मॅट?"