नवसाचे पेढे

नवसाचे पेढे एकटीनं खायचे नसतात, वाटल्याशिवाय नवस फिटत नाही, असं आईनं पुण्याहून चारदा बजावलं होतं. म्हणून ऋजुता सकाळीच डबा घेऊन डिपार्टमेंटच्या ऑफिसात हजर झाली. स्कॉलरशिपवर लीड्सला शिकायला येऊन तिला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. पेढा द्यावा अशी ओळखीची एकच, ऑफिस सांभाळणारी नीना. जन्म इथलाच, पण मराठी बोलायची हौस दांडगी.

नीना फोनवर इंग्रजीत बोलत होती. तिनं ऋजुताला खुणेनंच बसवलं आणि एक पेढा उचलून तोंडात टाकला.

"नाही हनान, जागा आता राहिली नाही. आय ॲम सो सॉरी." मग फोनवर हात ठेवून ती ऋजुताला म्हणाली, "गाझाची मुलगी आहे. ही स्कॉलरशिप आधी तिला मिळालेली. व्हिसा, तिकीट, एव्हरीथिंग रेडी. पण बॉर्डर बंद! तीन वेळा बसमधून परत पाठवला तिला. डेडलाइन गेली, मग तुला दिला."

ऋजुतानं डब्याचं झाकण लावलं. जुलैमध्ये ती वेटिंग लिस्टवर पहिली होती. तेव्हा सारसबागेतल्या गणपतीपुढे हात जोडून तिनं मागितलं होतं, देवा, निवड झालेल्या चारांतलं एक नाव गळू दे. कुणाचं, ते तिनं देवावर सोडलं होतं. केवढा तो समजूतदारपणा!

"तिला तुझ्याशी बोलायचंय," म्हणत नीनानं फोन पुढे केला.

"अभिनंदन." आवाज तुटक येत होता, पण मनापासूनचा होता. "आमच्या नळाला खारट पाणी येतं, म्हणून मी हा पाण्याचा कोर्स निवडला होता. तू नीट शिक. घरचे खूश असतील ना?"

"हो," ऋजुता म्हणाली. मांडीवरचा डबा तिला कुठेतरी लपवावासा वाटला.

"शनिवारी गेट उघडणार म्हणतात. आता उघडून काय करू? पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. माझ्यासाठी प्रार्थना करशील?"

ऋजुताच्या तोंडून शब्द फुटायच्या आत लाइन तुटली. तरी ती फोन कानाला लावून तशीच बसून राहिली. शेवटी नीनानंच तो काढून घेऊन जागेवर ठेवला.

"पुअर थिंग," नीना म्हणाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं डब्याकडे पाहिलं. "पेढा छान आहे. कशाचा?"

"नवसाचा."

"नवस म्हणजे?"

"देवाकडे काहीतरी मागायचं. मिळालं की पेढे वाटायचे."

"ओ, दॅट्स लव्हली! मग तू काय मागितला होता?"

ऋजुतानं फोनकडे बोट दाखवलं.