इनुकीची आई विमानात आहे

"किती राहिलं?" इनुकीने विमानतळाच्या काउंटरवर कोपर टेकून पुन्हा विचारलं. नाकातली प्राणवायूची नळी त्याने सारखी केली.

"तासभर, आजोबा," कोलेट म्हणाली. "पण उतरता येईलच असं नाही."

बाहेर बर्फ आडवा उडत होता. धावपट्टीचे पहिले दोन दिवे तेवढे दिसत होते. कोलेट क्यूबेकहून इथे, कॅनडाच्या पार उत्तरेच्या इकालुइतला, नुकतीच नोकरीला आली होती. दक्षिणेकडून इथे रस्ता येत नाही, रूळ येत नाहीत. माणूस येतो तो आकाशातूनच.

"नाही उतरलं, तर?"

"तर सामुद्रधुनीपलीकडे कूजुआकला जाईल. आणि हे वादळ चार दिवस हलत नाही म्हणतात."

"चार दिवस? माझ्या हृदयाला कळवायला हवं," इनुकी हसला.

डॉक्टरांनी त्याला शस्त्रक्रियेसाठी ओटावाला बोलावलं होतं. तो गेला नाही. आई इकडे यायला निघालेली असताना मी तिकडे कशाला पळू, म्हणाला. आता डॉक्टर आठवड्याचीही खात्री देत नव्हते. तिला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

"पहिल्यांदाच बसतेय विमानात," तो म्हणाला. "दोन हजार किलोमीटर! कुत्र्यांच्या गाडीवर आमचा अख्खा हिवाळा गेला असता. आणि ही तीन तासांत येतेय. तेही झोपून, बघ तू."

"घाबरल्या नसतील?"

"ऊलायू? तंबूच्या दारात अस्वल आलं तेव्हा ही चहा ढवळत होती. ढवळून झाल्यावर मग बंदूक उचलली."

"सोबत कुणी आहे ना?"

"माझी मुलगी, नीवी. तिला आणायलाच महिनाभर तिकडे राहिली. म्हणते, तोंडात दात एक नाही, पण आवाज अख्खी खोली हलवतो."

"मग चाकांची खुर्ची सांगते."

"खुर्ची नको, पोरी. नीवी घेईल पाठीवर."

बाकावरच्या बायका खदखदून हसल्या. म्हातारा चेष्टा करतोय असं समजून कोलेटने खुर्ची मागवलीच.

विमानाचा आवाज डोक्यावर आला, वाढला, आणि लांब गेला. इनुकीने काउंटरची कड घट्ट धरली.

"गेलं?"

कोलेटने वायरलेस कानाला लावला. "वैमानिक वळतोय. आणखी एकदा बघतो म्हणाला. मग मात्र कूजुआक."

बर्फातून विमानाचे दोन दिवे पुढे आले. आडव्या वाऱ्यात विमान खेकड्यासारखं तिरकं येत होतं. शेवटच्या क्षणी सरळ झालं आणि अलगद टेकलं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"शाबास रे वाघा!" इनुकी काचेकडे बघून ओरडला, आणि त्याला खोकला आला.

कोलेट खुर्ची ढकलत दाराशी गेली. एकेक प्रवासी आत आला. शेवटी नीवी आली, एकटीच. तिच्या खांद्यांवर बर्फ होता.

"आजी कुठे आहेत?" कोलेटने घाबरून विचारलं.

नीवी हसली. तिने वडिलांकडे पाठ केली आणि ती गुडघ्यांत वाकली.

इनुकीने तिच्या अंगरख्याच्या पाठीवरच्या मोठ्या केसाळ टोपात तोंड घातलं, आतल्या गालाला नाक लावलं आणि खोल श्वास घेतला. "आलीस, आई," तो म्हणाला. तशी गेल्या हिवाळ्यात वारलेल्या त्याच्या आईचं नाव आणि नातं दोन्ही इथल्या रीतीप्रमाणे मिळालेली त्याची दोन आठवड्यांची नात जागी झाली.