तळ्याचा राखणदार

लून पक्ष्यांच्या घरट्याकडे कुणी बोट वळवली, की म्हातारा वेंडल धक्क्यावरूनच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्यामुळे तळ्यातला नर मेल्यावर तो पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईची, मार्गोची, वाटच बघत बसला होता.

"कुणाच्या बोटीनं मारलं, तेवढं सांग पोरी. पुढचं मी बघतो."

"बोट नाही, काका. मासे पचायला हे पक्षी तळातले खडे गिळतात. यानं खडा समजून हे गिळलं." मार्गोनं त्याच्या तळहातावर शिशाची गोळी ठेवली. "गळाला बांधायचं वजन. शिसं विषारी, एवढंसं पुरतं जीव घ्यायला. दुकानात तर आता मिळत नाही, मग हे लोक आणतात कुठून?"

गोळीच्या कडेला बारीक टेंगूळ होतं. वेंडलच्या साच्याचा तिथलाच टवका उडालेला. दर हिवाळ्यात तो घरी गोळ्या ओतायचा आणि बर्फ वितळला की तळ्यावरच्या प्रत्येक बोटीत मूठ मूठ वाटायचा. गेली तीस वर्षं.

"अशा आणखी असतील का हो खाली?"

वेंडलनं मूठ मिटली. समोर मादीनं पाठीवरचं पिल्लू पाण्यात सोडलं आणि बुडी मारली.